ड्रोसोफिलाच्या डोक्याला मार आणि वर्तन-चाचणी: चढण मंदावली म्हणजे मेंदूच दुखावला, असं म्हणता येईल का?

माटुंगा_प्राणिशास्त्र

नमस्कार. एमएस्सीच्या एका सत्राचा प्रकल्प आखतो आहोत. मेंदूला बंद मार, म्हणजे डोकं न फुटता बसणारा मार, दिल्यावर ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर या फळमाशीचं वागणं कसं बदलतं ते पाहायचं आहे. हाताशी एक बीओडी इनक्युबेटर, म्हणजे ठरावीक तापमान राखणारं कपाट (२५ अंश, १२ तास उजेड, १२ तास अंधार), दोन स्टिरिओ मायक्रोस्कोप, मायक्रोटोम (पातळ काप काढायचं यंत्र) आणि डब्ल्यू१११८ व कँटन-एस हे माशांचे दोन स्टॉक (प्रयोगशाळेत वाढवलेले वाण) आहेत. कॉन्फोकल मायक्रोस्कोप नाही, माशांची हालचाल आपोआप नोंदणारा डॅम मॉनिटर नाही.

विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातून २०१३ साली प्रसिद्ध झालेली स्प्रिंगची पद्धत परवडण्यासारखी वाटते. विचारायचं ते असं. स्प्रिंगचं उपकरण इथे मुंबईत बनवायचं तर काय सांभाळावं? मार दिल्यावर कोणत्या चाचण्या, कधी घ्याव्यात? आणि खरी अडचण ही की माशा ठेवलेली व्हायल (नळीसारखी छोटी बाटली) आपटते तेव्हा माशीचं सगळं अंगच आपटतं. मग ती वर चढली नाही, तर दोष मेंदूचा की पायाचा, हे कसं ठरवायचं?

यंत्रकाम_कुर्ला

उपकरणापुरतं सांगतो.

मूळ रचना साधी आहे. जड लाकडी फळीवर धातूच्या स्प्रिंगचं एक टोक घट्ट आवळलेलं, दुसरं मोकळं. मोकळ्या टोकावर प्लॅस्टिकची व्हायल बसते. व्हायल ९० अंशांपर्यंत मागे ओढून सोडली की ती खाली पॉलियुरेथेनच्या गादीवर आपटते आणि आतल्या माशा भिंतीवर आदळून उसळतात. मूळ कामात व्हायलचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर होता. नेहमीचा क्रम म्हणजे ५-५ मिनिटांच्या अंतराने ४ आघात, ० ते ७ दिवस वयाच्या माशा, एका व्हायलमध्ये जास्तीत जास्त ६०.

स्प्रिंग नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळेल. पण लांबी आणि तारेची जाडी कुणाच्या मापावरून नकलून आणण्यात अर्थ नाही. मोजायचा तो वेग. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ घ्या आणि मागे मिलिमीटरचा कागद चिकटवा. सेकंदाला ३ मीटर वेगाला एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत व्हायल १२.५ मि.मी. पुढे जाते, म्हणजे शेवटच्या ५ सें.मी.मध्ये चार फ्रेम मिळतात. प्रकाश कमी पडला तर कडा पुसट होतात आणि वाचनात सहज एका फ्रेमची चूक शिरते, म्हणून दोन्ही बाजूंनी एलईडी लावा. मात्र संपूर्ण कमानीचा सरासरी वेग आणि गादीला टेकतानाचा वेग हे वेगळे आकडे आहेत. कुठला मोजला ते वहीत लिहा आणि तुलना त्याच आकड्याशी करा.

बिघडतं कुठे? सगळ्यात आधी क्लॅम्प. दर आघाताला स्क्रू किंचित ढिला होतो, स्प्रिंगची मोकळी लांबी वाढते आणि कुणाच्या लक्षात न येता वेग बदलतो. स्प्रिंगवर पक्क्या शाईची खूण करा आणि प्रत्येक फेरीआधी ती क्लॅम्पच्या कडेशी जुळते का पाहा. दुसरी गादी. एकाच जागी मार खाऊन तिथे खळगा पडतो, म्हणून ती फिरवत राहायची आणि ठरावीक आघातांनंतर बदलायची. तिसरी व्हायल. काचेची नकोच. पॉलिस्टायरीनलाही बुडाशी बारीक तडे जातात, त्यामुळे दर फेरीला नवी घ्या. स्प्रिंगवर सैल बसत असेल तर टेपचा वेढा द्या, नाहीतर व्हायल डुगडुगते आणि माराची ताकद त्यातच जाते.

कापसाच्या बोळ्याची खोली फार महत्त्वाची. ९५ मि.मी.च्या व्हायलमध्ये माशा तळाच्या पाव भागात, म्हणजे साधारण २४ मि.मी.मध्ये कोंडलेल्या असायला हव्यात. बोळा वर राहिला तर काही माशा भिंतीवर बसून राहतात, काही मधल्या मध्ये उडतात, आणि प्रत्येकीला वेगळा मार बसतो. आतल्या अंतराएवढी काडी कापून ठेवा आणि बोळा तिच्या मापाने दाबा.

सौम्य मार हवा असेल तर ९०ऐवजी कमी कोनावर लाकडी अडसर लावा. हाताने अंदाजे ओढलेला कोन चालणार नाही.

चौथ्या आघातानंतर माशा बेशुद्ध किंवा धडपडत्या असतात. त्यांना ताज्या फ्लाय फूडच्या (माशांच्या खाद्याच्या) व्हायलमध्ये घालून व्हायल आडवी ठेवा, उठून चालायला लागेपर्यंत. उभी ठेवली तर पडलेल्या माशा फूडला चिकटून मरतात आणि ते मरण तुमच्या माराच्या खात्यावर चढतं.

वर्तन_आणि_चेता

तुमचा तिसरा प्रश्न पहिला घ्यायला हवा. त्याचं उत्तर ठरेपर्यंत स्प्रिंग आणायलाही जाऊ नका.

स्प्रिंगच्या पद्धतीत आघात अख्ख्या शरीराला बसतो. माशी कुठल्या बाजूने आपटेल यावर ताबा नाही. एकीचं डोकं, दुसरीची छाती, तिसरीचं पोट. पाय मोडतात, पंख फाटतात, आतड्याची भिंतही गळू लागते. म्हणून "चढण कमी झाली, म्हणजे मेंदूला इजा" हे वाक्य एका चाचणीवर लिहिता येत नाही. चढण या वर्तनाला बरंच काही लागतं: गुरुत्वाकर्षणाची जाणीव, हादऱ्याला प्रतिसाद, सहा धड पाय, स्नायू, अंगात ऊर्जा. यातलं काहीही बिघडलं तरी आकडा खालीच येतो.

एक उदाहरण मुंबईच्या परंपरेतलंच आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) ओबैद सिद्दिकींनी सुरू केलेल्या शाखेत माशीच्या चेतासंस्थेचा अभ्यास मुरला. १९७६ साली सिद्दिकी आणि अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ सेमूर बेन्झर यांनी तापमानाने लुळ्या पडणाऱ्या उत्परिवर्तित माशांवर एकत्र निबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी पॅरा-टीएस१ माशी २९ अंशांना कोसळते आणि थंड केली की उठून चालायला लागते. तिच्या मेंदूला कुठेही जखम नाही, पाय शाबूत आहेत, तरी चढण शून्य. चेतापेशींत संदेश वाहायला लागणारी सोडियम वाहिनी बंद पडली, एवढंच. चढणीचा आकडा "काहीतरी बिघडलं आहे" इतकंच बोलतो.

मग करायचं काय? एकमेकींपासून वेगळ्या शारीरिक मागण्या असलेल्या चाचण्या जोडीने घ्यायच्या, आणि त्यांच्यातला फरक वाचायचा.

चढण. दोन रिकाम्या व्हायल तोंडाला तोंड लावून टेपने जोडा, आत १० माशा. हळूच ठोकून सगळ्यांना तळाशी आणा आणि १० सेकंदांत ८ सें.मी.ची रेघ किती ओलांडतात ते मोजा. १ मिनिट विश्रांती देऊन पुन्हा, असं पाच वेळा. ठोकणं हासुद्धा एक आघात आहे, म्हणून मऊ पॅडवर आणि तेवढ्याच जोराने, शक्यतो एकाच व्यक्तीने ठोकावं. कार्बन डायऑक्साइड दिल्यावर निदान २४ तास ही चाचणी घेऊ नका. तो परिणाम चढणीत स्पष्ट दिसतो.

सपाटीवरचं चालणं. पेट्री डिशच्या झाकणाखाली एक माशी, वरून वेबकॅम. चढण गेली पण सपाटीवरचा वेग तेवढाच आहे, तर निव्वळ पायाच्या इजेचा संशय कमी होतो. दोन्ही सारख्याच प्रमाणात गेल्या तर पाय आधी तपासा.

सोंड बाहेर काढण्याची प्रतिक्रिया. ही चाचणी फार कमी लोक घेतात, पण तुमच्यासाठी ती मोलाची आहे. माशीला बर्फावर थंड करून पाठीकडून काचपट्टीला चिकटवायचं, २ तास दमट डब्यात सावरू द्यायचं, पोटभर पाणी पाजायचं आणि मग पुढच्या पायाला १०० मिलिमोलर सुक्रोजचा थेंब लावायचा. सोंड बाहेर येते की नाही, एवढंच पाहायचं. चालण्याची गरजच नाही. आधी पाणी पाजलं नाही तर तहानेपोटी सोंड बाहेर येते आणि सगळं वाचन फुकट जातं.

प्रियाराधन. नर कोषातून निघाल्या निघाल्या एकटा ठेवायचा, ४-५ दिवसांनी १० मि.मी. व्यासाच्या कोठडीत व्हर्जिन मादीसोबत १० मिनिटं. त्यातला किती टक्के वेळ तो मागे लागला, तो निर्देशांक. स्मृतीही याच मांडणीत मोजता येते. नराला १ तास समागम झालेल्या मादीसोबत ठेवलं की ती झिडकारते, आणि नंतर नव्या मादीसमोरही त्याचा उत्साह कमी राहतो. मात्र मार बसलेल्या नराचा निर्देशांक प्रशिक्षणाशिवायच तळाला गेलेला असेल, तर स्मृतीबद्दल त्या आकड्यातून काहीही निघत नाही. खाली यायला जागाच उरलेली नसते. प्रशिक्षण न दिलेले जखमी नर हा चौथा गट ठेवलाच पाहिजे. तो नसलेले प्रकल्प फार दिसतात, आणि त्यांचे निष्कर्ष उभे राहत नाहीत.

झोप. सलग ५ मिनिटं हालचाल नाही म्हणजे झोप, ही रूढ व्याख्या. डॅम मॉनिटर नसला तरी ५ मि.मी. व्यासाच्या, ६५ मि.मी. लांबीच्या काचनळ्या, एका टोकाला २ टक्के अगार व ५ टक्के सुक्रोज, दुसऱ्या टोकाला कापूस, अशी मांडणी ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड एलईडीवर ठेवून वेबकॅमने चित्रण करता येतं. वेबकॅमच्या भिंगामागचा इन्फ्रारेड रोखणारा फिल्टर काढावा लागतो. पहिलं दिवस-रात्र चक्र सरावाचं म्हणून टाकून द्या. मेलेली माशी संगणकाला गाढ झोपलेली दिसते, म्हणून शेवटी प्रत्येक नळी डोळ्यांनी तपासून, जिची हालचाल कायमची थांबली तिची नोंद पूर्ण वगळा.

वेळ ठरवताना मारानंतरचे टप्पे मिसळू नका. पहिल्या काही मिनिटांची बेशुद्धी आणि तोल जाणं ही एक गोष्ट. २४ तासांनंतरचं वर्तन दुसरी. ७ आणि १४ दिवसांनंतरचं तिसरी, कारण तोवर ऱ्हास सुरू झालेला असू शकतो. आणि दिवसातली वेळ एकच ठेवा. दिवा लागताना आणि मालवताना माशा आपसूकच जास्त हिंडतात. सकाळी ८ला दिवा लागत असेल तर १० ते १२ ही चांगली वेळ.

आकडेमोड

वरच्या उत्तरात एक भर घालतो. याशिवाय २४ तासांनंतरचा कोणताही वर्तनाचा आकडा डळमळीत राहतो.

पहिल्या २४ तासांत काही माशा मरतात. किती टक्के मेल्या त्याला २४ तासांचा मृत्युनिर्देशांक म्हणतात आणि तो वय, आनुवंशिक पार्श्वभूमी व आहार यांनुसार खूप हलतो. तुम्ही चाचणी घेता ती उरलेल्यांची. त्या एकतर कणखर आहेत किंवा त्यांना मार कमी बसला आहे. उद्या एखादं रसायन दिलं आणि मृत्यू घटले, तर आधी मेल्या असत्या अशा जबर जखमी माशा चाचणीत उतरतील आणि गटाची सरासरी चढण खाली जाईल. औषधाने वर्तन बिघडवलं, असा उलटा निष्कर्ष सहज निघतो. म्हणून मृत्युनिर्देशांक आणि वर्तन कायम शेजारी-शेजारी छापा. मुख्य वर्तन-प्रयोगासाठी ज्यात मृत्यू नगण्य असतील असा सौम्य कोन किंवा कमी आघात निवडा.

दुसरं, मोजणीचं एकक. मार व्हायलला बसतो, माशीला सुटा बसत नाही. १० व्हायलमध्ये २०-२० माशा असतील तर नमुना-संख्या १०, २०० नव्हे. २०० धरून टी-टेस्ट केली की कशातही फरक "लक्षणीय" येतो. आर ही सांख्यिकीची संगणक-भाषा वापरत असाल तर एलएमई-फोर पॅकेजमध्ये द्विपद मिश्र मॉडेल लावा. व्हायल आणि प्रयोगाचा दिवस यादृच्छिक घटक म्हणून घ्या.

नियंत्रण गटाला स्प्रिंग सोडून सगळं तेच मिळालं पाहिजे: तीच व्हायल, तेवढाच खोल बोळा, तेवढाच वेळ कोंडलेपण. व्हायलवर सांकेतिक आकडे दुसऱ्याने लिहावेत, आणि मोजणाऱ्याला गट कळता कामा नये. पाय मोडलेल्या, पंख फाटलेल्या, सोंड बाहेर लोंबणाऱ्या माशा वगळायच्या तर निकष आधी लिहून ठेवा, दोन्ही गटांना लावा, आणि किती वगळल्या तो आकडा द्या.

मीडिया_किचन

फ्लाय फूडकडे दुय्यम म्हणून बघू नका, या विषयात तर मुळीच नाही. विस्कॉन्सिनच्याच गटाने २०१५ साली दाखवलं की मारानंतर मृत्यूची शक्यता आतड्याच्या अडसराच्या बिघाडाशी घट्ट जोडलेली आहे, आणि मारानंतर ग्लुकोज खाल्ल्याने मृत्यू वाढतात. म्हणजे एका गटाचं फूड सोमवारच्या शिजवणीचं आणि दुसऱ्याचं गुरुवारच्या, एवढ्यानेही निकाल सरकू शकतो. दोन्ही गट एकाच पातेल्यातल्या फूडवर हवेत.

१ लिटरला चालणारं प्रमाण: पिवळं मक्याचं पीठ ८० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम, सुकं यीस्ट १५ ग्रॅम, अगार ८ ग्रॅम. शिजवून ६० अंशांच्या आसपास उतरलं की प्रोपिऑनिक आम्ल ४ मि.लि. आणि थोड्या अल्कोहोलात विरघळवलेलं मिथाइल पॅराबेन १ ग्रॅम. जास्त गरम असताना घातलं तर प्रोपिऑनिक आम्ल वाफेबरोबर उडतं आणि चार दिवसांत बुरशी येते. वाण्याकडे "कॉर्नफ्लोअर" मागाल तर पांढरा स्टार्च हातात पडेल. त्याने फूड लापशीसारखं चिकट होतं आणि माशा रुततात. रसायनं प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतील, पण अगार सूक्ष्मजीवशास्त्राच्या दर्जाचाच घ्या.

पावसाळ्याचं बोलू. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत दमटपणा इतका असतो की व्हायलच्या भिंतीवर पाणी धरतं, माशांचे पंख चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी त्या "चढत नाहीत". बीओडीत आर्द्रतेवर ताबा नसेल तर सोडियम ब्रोमाइडचं संपृक्त द्रावण पसरट ट्रेमध्ये ठेवा. २५ अंशांना ते बंद जागेतली आर्द्रता ५८ टक्क्यांच्या आसपास धरतं. साधं मीठ ७५ टक्क्यांवर धरतं, ते इथे जास्त होतं. हायग्रोमीटर आत हवाच.

माइट्सही (माशीला चिकटणारे अगदी बारीक जीव) याच मोसमात चढतात. स्टॉक महिनाभर एकाच बाटलीत सोडायचा नाही, टेबल रोज ७० टक्के अल्कोहोलने पुसायचं, बाहेरून आलेली व्हायल दोन पिढ्या वेगळी ठेवायची. कापसाच्या बोळ्याच्या कडेला हलणारे पांढरे ठिपके दिसले तर त्या स्टॉकवर त्या आठवड्यात वर्तन-प्रयोग नको. माइट चिकटलेली माशी सतत अंग साफ करत बसते.

वीज गेली आणि बीओडी ३० अंशांच्या वर काही तास राहिला, तर त्या पिढीतले नर वांझ निघू शकतात. प्रियाराधनाच्या प्रयोगासाठी ती बॅच सोडून द्या. कमाल-किमान थर्मामीटर स्वस्तात येतो. तो आत टांगला की रात्री काय झालं ते सकाळी कळतं.

अजून एक. केळ्याच्या सापळ्यात धरलेल्या माशा वापरू नका. मुंबईत त्यात अनानासी, मलेरकोटलियाना अशा दुसऱ्या जातीही येतात आणि मेलॅनोगास्टरशी त्यांची तुलना करता येत नाही. स्टॉक कमी पडला तर बंगळूरच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेच्या आवारातल्या फ्लाय फॅसिलिटीकडून मागवा. दुसऱ्या कॉलेजातून लोकलने आणत असाल तर आलेल्या माशांवर लगेच प्रयोग न करता त्यांची पुढची पिढी वापरा. गर्दीत बसलेले धक्के आणि ऊन मोजता येत नाही.

माटुंगा_प्राणिशास्त्र

सगळ्यांचे मनापासून आभार. चौथा गट आमच्या आराखड्यात नव्हता, घातला आहे.

दोन शंका. आतडं गळतंय का हे आमच्याकडच्या साधनांत तपासता येईल? आणि कॉन्फोकल नसताना मेंदूतली इजा निदान दाखवण्यापुरती तरी सिद्ध करता येईल का? परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

मीडिया_किचन

आतड्यासाठी निळ्या रंगाची चाचणी. फूडमध्ये ब्रिलियंट ब्लू एफसीएफ २.५ टक्के मिसळायचा, मारानंतर माशा त्यावर ठेवायच्या, २४ तासांनी पाहायचं. आतडं शाबूत असेल तर निळा रंग पोटातल्या नळीपुरता राहतो. गळत असेल तर अख्खी माशी निळी होते. बेकरीच्या दुकानातला खाद्यरंग नको, त्यात मीठ किंवा साखरेची भर असते. टक्केवारी खोटी ठरते आणि साखरेचा परिणाम वर सांगितलाच आहे. शुद्ध पावडर घ्या. जिने खाल्लंच नाही ती माशीही निळी होत नाही, म्हणून पोटात निळा ठिपका नसलेल्या माशा वेगळ्या मोजा, "शाबूत" गटात घालू नका.

वर्तन_आणि_चेता

मेंदूसाठी तुमचा मायक्रोटोम पुरेसा आहे. डोकी कापून कार्नॉय द्रावणात (अल्कोहोल ६ भाग, क्लोरोफॉर्म ३, ॲसिटिक आम्ल १) ४ अंशांना रात्रभर ठेवा, मग ७० टक्के अल्कोहोल, नेहमीप्रमाणे पॅराफिन, ५ मायक्रॉनचे काप, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा रंग. ऱ्हास झालेल्या मेंदूत गोल, स्वच्छ कडांच्या पोकळ्या दिसतात. एकाच कापात दिसली आणि शेजारच्या कापांत नाही, किंवा कडा फाटल्यासारख्या आणि बाहेरपर्यंत गेलेल्या, तर ती पात्याची खूण समजा. सलग दोन-तीन कापांत सापडेल तीच पोकळी मोजा. हे काम २४ तासांच्या माशांवर करू नका, १४ दिवसांच्या पुढच्या घ्या. आणि त्याच वयाचा न मारलेला गट हवाच, कारण म्हातारपणीही पोकळ्या येतात. डब्ल्यू१११८चे डोळे पांढरे असतात, त्यामुळे कापात रंगद्रव्याचा गोंधळ होत नाही. पण याच माशांची नजर कमकुवत असते आणि प्रियाराधनात ते आडवं येतं. वर्तनासाठी कँटन-एस, कापांसाठी दोन्ही, अशी विभागणी सुचवेन.

फक्त डोक्यालाच मार देण्याच्या पद्धतीही आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून २०२० साली आलेल्या पद्धतीत माशीला धरून पिझोइलेक्ट्रिक (विजेने सूक्ष्म हालचाल करणाऱ्या) साधनाने नेमकं डोकं दाबतात, म्हणजे धड बाजूला राहतं. ते साधन तुमच्या खर्चात बसणार नाही. स्वस्तातला पूरक प्रयोग म्हणून ०.१ मि.मी.ची कीटकांची टाचणी अल्कोहोलने पुसून डोक्यात टोचा, आणि नियंत्रण म्हणून तीच टाचणी छातीच्या कडेला टोचा. ही जखम आरपार आहे, स्प्रिंगच्या माराची जागा ती घेत नाही. पण "शरीराला जखम झाली, डोक्याला नाही" असा गट स्प्रिंगने कधीच मिळत नाही, तो इथे मिळतो. सोंडेची प्रतिक्रिया आणि सपाटीवरचं चालणं दोन्ही गटांत घेऊन पाहा.

माणसाशी तुलना लिहिताना हात आखडता ठेवा. माशीच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचं जाळं नाही, रक्त मोकळं वाहतं, त्यामुळे कवटीत रक्त साठून दाब वाढणं हा आपल्याकडच्या रुग्णांमधला मोठा धोका इथे येतच नाही. चेतापेशी सुमारे १ लाख ४० हजार, कवच कायटिनचं, मायक्रोग्लिया (मेंदूतल्या प्रतिकारपेशी) नाहीत. तुटलेल्या धाग्यांचा कचरा ड्रेपर नावाच्या ग्राहीच्या मदतीने ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, उचलतात. ग्लियांचा प्रतिसाद, प्रतिकारशक्तीच्या जनुकांची चालना, वय आणि आनुवंशिकतेचा परिणाम हे मात्र माशीत फार स्वच्छ तपासता येतं. शीर्षकात "मेंदूची इजा" न लिहिता "बंद आघातानंतरचे वर्तनबदल" लिहा, आणि मेंदूबद्दलचं वाक्य पोकळ्यांचे आकडे हातात आल्यावरच घाला.

माटुंगा_प्राणिशास्त्र

शेवटचं एक. नर घ्यावे की माद्या? आणि परवानगीचं काय?

आकडेमोड

ड्रोसोफिलाला प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागत नाही. डब्ल्यू१११८ आणि कँटन-एस दोन्ही ट्रान्सजेनिक (बाहेरचं जनुक घातलेल्या) नाहीत. पुढे गाल४-यूएएसच्या ट्रान्सजेनिक माशा आणल्या तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे आधी अर्ज करा.

नर आणि माद्या एकाच व्हायलमध्ये मिसळू नका. माद्या अंगाने मोठ्या, त्यामुळे त्याच वेगाला त्यांना बसणारा मार वेगळा, आणि अंड्यांनी भरलेलं पोट चढण मंदावतं. शिवाय समागम झालेल्या माद्यांच्या व्हायलमध्ये आठवड्याभरात अळ्या फूड ढवळून काढतात, लंगड्या माशा त्यात बुडतात, आणि ७ दिवसांनंतरचे मृत्यू फुगतात. एकाच सत्राचं काम आहे तर फक्त नर घ्या, एका व्हायलमध्ये २०, दर दोन-तीन दिवसांनी नवं फूड, भूल न देता व्हायलवर व्हायल पालथी घालून. मार देण्याआधी नर-माद्या वेगळे करताना कार्बन डायऑक्साइड वापरला असेल तर मधे पूर्ण एक दिवस जाऊ द्या.

यंत्रकाम_कुर्ला

२० नरांसाठी बोळ्याची तीच २४ मि.मी. खोली ठेवा. माशा कमी म्हणून बोळा आणखी खाली दाबला तर उसळायला जागा राहत नाही आणि मार हलका पडतो. वेगाचा व्हिडिओही माशा भरलेल्या, बोळा लावलेल्या व्हायलवरच घ्या.